उणे अर्धा अंश

"ताई, केपवरून जाऊ द्यायचं का सुएझची वाट बघायची?"

जानेवारी २०२४. फोनवर निफाड तालुक्यातले आमचे द्राक्षवाले दादा होते. विचारायची ढब अशी, की जणू नाशकाहून मुंबईला येताना कसारा उतरायचा का माळशेजकडे वळायचं एवढाच प्रश्न आहे. केप म्हणजे केप ऑफ गुड होप, आफ्रिकेच्या खालच्या टोकाजवळचं भूशिर. ते दादांनी पाहिलेलं नाही, मीही नाही. पण त्या महिन्यात पिंपळगाव बसवंतच्या चहाच्या टपरीवरही तांबड्या समुद्रातल्या क्षेपणास्त्रांची चर्चा चालू होती, आणि दादा त्या समुद्राच्या तोंडावरच्या सामुद्रधुनीचं 'बाब-अल-मंदेब' हे नाव माझ्यापेक्षा स्पष्ट म्हणत होते.

"उद्या सांगते," मी म्हणाले. नकाशा बघून सांगण्यासारखं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. मला आधी पाच-सहा कागदांवरच्या तारखा बघायच्या होत्या.

मी नवी मुंबईत एका कस्टम ब्रोकरच्या ऑफिसात एक्स्पोर्टची डॉक्युमेंटेशन बघते. फ्रेट फॉरवर्डिंगही आम्हीच करतो, म्हणजे माल कुठल्या जहाजाने, कुठल्या बंदरावरून, किती भाड्यात जाईल तेही. नातेवाइकांत कुणी विचारलं तर मी "पेपर बनवते" म्हणते आणि समोरचा "म्हणजे टायपिंग का?" असं म्हणून दुसऱ्या विषयाकडे वळतो. त्यांचं चुकत नाही. बहुतेकांना वाटतं, आधी माल तयार होतो, मग त्याचा रस्ता ठरतो आणि मग कुणीतरी बसून त्याचे कागद करतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटायचं.

आमचं गाव उरण तालुक्यातलं. वडील मिठागरावर कामाला होते. न्हावा-शेव्याचं बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते. त्याच्या पाच वर्षं आधी, जानेवारी १९८४ मध्ये, जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरात जे आंदोलन झालं, गोळीबारात जी पाच माणसं गेली, ते आमच्या घरात अजून हळू आवाजात बोललं जातं. त्याच बंदराच्या जोरावर माझं घर चाललं. याबद्दल मला काय वाटतं ते मला नीट सांगता येत नाही. वडिलांना सांगता यायचं. मी कामावरून उशिरा घरी आले की ते म्हणायचे, "आज कुठला मुलूख लिवलास गो?" मी म्हणायचे, रॉटरडॅम. ते म्हणायचे, "बरा."

रॉटरडॅम हा शब्द मी आजवर किती हजार वेळा टाइप केला असेल याचा हिशेब नाही. ते गाव मी पाहिलेलं नाही.

काम शिकवलं आमच्या डॉकक्लार्क काकांनी. त्या काळी कस्टम्सला द्यायचं शिपिंग बिल ऑफिसात बसून भरता येत नव्हतं. अ‍ॅनेक्शर टाइप करायचं, कस्टम हाउसमधल्या सर्व्हिस सेंटरच्या खिडकीत द्यायचं. आतला ऑपरेटर ते संगणकात चढवायचा आणि चेकलिस्ट छापून द्यायचा. ती तपासून, सही करून परत दिली की शिपिंग बिलाचा नंबर पडायचा. त्या चेकलिस्टमध्ये एक शून्य इकडचं तिकडे झालं तर पुढे दुरुस्तीसाठी अर्ज, साहेबांची सही, आणि तोवर जहाज गेलेलं. काका चेकलिस्ट खालून वर वाचायचे. शेवटच्या ओळीपासून पहिल्या ओळीकडे, पेन्सिलीचं टोक आकड्यावर टेकवत. वरून खाली वाचलं की डोळा सवयीने पळतो आणि जे असायला हवं ते वाचतो, जे आहे ते वाचत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी अजून तसंच वाचते. आता सगळं ऑनलाइन आहे, पण डोळे तेच आहेत.

काकांनी आणखी एक गोष्ट पहिल्याच महिन्यात दाखवली होती. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजवाल्याच्या पावतीवर, मालाच्या वर्णनाआधी छापलेलं असतं, 'सेड टू कंटेन'. आत अमुक आहे असं सांगण्यात आलं आहे. जहाजवाल्याने कंटेनर उघडून पाहिलेला नसतो. त्याला सील लागलेला एक बंद डबा मिळतो, आणि तो म्हणतो की यात द्राक्षं आहेत असं पाठवणारा म्हणतो. पुढे बँकवाला म्हणतो की कागदावर द्राक्षं आहेत असं दिसतं. तिकडच्या बंदरातला अधिकारीही बहुतेक वेळा कागदच बघतो. या सगळ्या साखळीत माल डोळ्यांनी पाहिलेली माणसं दोनच, एक पॅकहाउसमधला आणि दुसरा जो शेवटी डबा उघडणार तो. मधल्या सहा-सात हजार सागरी मैलांत मालाच्या वतीने बोलायला फक्त मी टाइप केलेलं असतं. हे कळल्यावर पहिले काही दिवस मला नीट झोप लागली नव्हती. मग सवय झाली. सवय झाली हेच वाईट, कारण पुढची चूक तिथूनच आली.

पण तिच्याआधी टॉवेलची गंमत सांगते.

२००८ च्या सुमारास सोलापूरचे एक टेरी टॉवेलवाले आमच्याकडून माल पाठवायचे. आखाती देशातल्या त्यांच्या गिऱ्हाइकाने लेटर ऑफ क्रेडिट (एलसी) उघडलं, म्हणजे कागद जुळले तर पैसे द्यायची बँकेची हमी, आणि त्याच्या बँकेने मालाच्या वर्णनात टॉवेल्सच्या स्पेलिंगमध्ये एल आणि ई उलटे टाकले. मी शहाणपणा करून इनव्हॉइसवर स्पेलिंग सुधारलं. आमच्या साहेबांनी कागद परत टेबलावर ठेवला. "चुकीचं लिही," म्हणाले. "एलसीत जसं आहे तसं." मी म्हटलं, कस्टम्सला काय द्यायचं? "कस्टम्सला बरोबर." म्हणजे एकाच मालाचे टॉवेल देशातून बाहेर पडताना शुद्ध आणि पैसे घ्यायला बँकेत जाताना अशुद्ध. टायपिंगची साधी चूक म्हणजे विसंगती नव्हे असं बँकांच्या प्रथेतही आहे. पण चूक साधी की नाही हे ठरवणारा माणूस परदेशातल्या काउंटरमागे बसलेला असतो, आणि बाजारभाव पडलेला असला की गिऱ्हाइकाला अचानक स्पेलिंगची फार काळजी वाटायला लागते.

त्याच एलसीत एक अट होती: ट्रान्सशिपमेंट नाही. वाटेत माल एका जहाजातून दुसऱ्यात हलवायचा नाही. सोलापूरकरांनी घाबरून थेट जहाजाचं महाग भाडं कबूल केलं होतं. साहेबांनी रात्री मला थांबवून बँकांचे ते नियम वाचायला लावले. यूसीपी ६००, १ जुलै २००७ पासून लागू. विसाव्या कलमात सरळ लिहिलंय की माल कंटेनरमध्ये असेल आणि पूर्ण प्रवास एकाच बिल ऑफ लेडिंगखाली असेल, तर एलसीत मनाई असली तरी ट्रान्सशिपमेंट दाखवणारं बिल चालतं. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांचं बुकिंग वाटेत जहाज बदलणाऱ्या स्वस्त शिपिंग लाइनवर टाकलं. भाड्यात बरेच वाचले. कुठल्या समुद्रातून जायचं हे त्या दिवशी एका कलमाने ठरवलं. मला वाटतं, या कामाची गोडी मला तिथे लागली.

आता चूक.

फेब्रुवारी २०११. द्राक्षाचा हंगाम ऐन भरात. द्राक्षाचा कंटेनर म्हणजे चाळीस फुटी रीफर, चालताबोलता फ्रीजच. आत पाचशे ग्रॅमचे पनेट भरलेली खोकी, वीस पॅलेट, साधारण तेरा टन. प्रत्येक खोक्यात सल्फर डायऑक्साइडचं पॅड. तापमान उणे ०.५ अंश. अर्ध्या अंशाचाच तो खेळ आहे. वर गेलं की देठ तपकिरी पडतात, बुरशी धरते. उणे दोनच्या खाली गेलं की मणी गोठायला लागतात आणि वितळल्यावर नुसतं पाणी. हे तापमान मशीनवर कोण लावतं? लाइनच्या यार्डातला टेक्निशियन. त्याला कोण सांगतं? बुकिंगचा कागद. बुकिंग कोण भरतं? मी.

त्या दिवशी अकरा बुकिंग होती. मला सवय होती शून्य न लिहिता नुसतं उणे, टिंब, पाच असं मारायची. एका बुकिंगमध्ये टिंब कुठेतरी गळलं. माझ्याकडून की पलीकडच्या सिस्टीममध्ये, ते आजही ठाऊक नाही, आणि त्याने काही फरक पडत नाही, कारण परत आलेली कन्फर्मेशन मी वाचली होती. वरून खाली.

रिकामा रीफर यार्डातून निघाला, मुंब्रा बायपास, भिवंडी, कसारा चढून रात्री निफाडला पोचला. पॅकहाउसवरच्या पोराने दार उघडलं. हात आत घातला आणि त्याने ड्रायव्हरला विचारलं, आइस्क्रीम भरायचंय का? डिस्प्लेवर उणे पाच होतं. त्याने दादांना उठवलं, दादांनी मला. रात्रीचा दीड वाजला होता. लाइनच्या माणसाला उठवून सेटिंग बदलून घ्यायला पहाट झाली. माल भरायचाच होता, त्यामुळे एका मण्यालाही काही झालं नाही. दादा एका शब्दाने बोलले नाहीत. नंतर भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "ताई, तुमचं एक टिंब आणि आमचं एक वरीस."

तेव्हापासून मी बुकिंगमध्ये तापमान आकड्यात लिहिते, शून्यासकट, आणि पुढे अक्षरीही लिहिते. मायनस झीरो पॉइंट फाइव्ह. नव्या मुलींना वाटतं, मॅडमचं काहीतरीच. वाटू दे.

द्राक्षाच्या कागदांत खरं तर बागेपासून सगळं असतं. अपेडाच्या ग्रेपनेटवर प्लॉटची नोंद, औषधांच्या अंशांची लॅबमध्ये तपासणी, अ‍ॅगमार्कचा दाखला, मग फायटो, म्हणजे मालात कीड-रोग नाही असं सरकारी प्रमाणपत्र. लाकडी पॅलेटवर उष्णतेची प्रक्रिया केल्याचा गव्हाच्या ओंबीचा शिक्का हवा. गाभ्यापर्यंत ५६ अंश, तीस मिनिटं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश युरोपात सापडले आणि त्या एका हंगामाने जिल्ह्यातल्या कितीतरी माणसांना कर्जात लोटलं. त्यानंतर लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत बागाईतदार असे बसलेले मी पाहिलेत की बारावीचा निकाल परवडला. कागदांना नावं ठेवणारा निर्यातदार मला रोज भेटतो. २०१० पाहिलेला बागाईतदार सहसा ठेवत नाही.

आंब्यावाल्यांचं दुःख आणखी वेगळं. मे २०२५ मध्ये मुंबईहून विमानाने अमेरिकेला गेलेल्या आंब्याच्या पंधरा खेपा तिकडच्या विमानतळांवर अडल्या. विकिरण झाल्याची नोंद करणारा पीपीक्यू २०३ हा फॉर्म तिथे ग्राह्य धरला गेला नाही. निर्यातदारांचं म्हणणं होतं की फळांवर नवी मुंबईत प्रक्रिया झालेली आहे. पण विमानाने परत आणणं परवडणारं नव्हतं, तेव्हा माल तिथेच नष्ट केला. आमचं त्यात काही नव्हतं, तरी बातमी वाचून मी त्या दिवशी डबा खाल्ला नाही. आंबा चांगला होता की वाईट, हे तिथे कुणी विचारलंही नसेल.

कागद अडतात तसे रस्तेही बंद होतात, हे आम्ही त्या जानेवारीच्या आधी एकदा पाहिलं होतं. २३ मार्च २०२१ ला 'एव्हर गिव्हन' नावाचं चारशे मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं. सहा दिवस. आमचे दोन रीफर त्या रांगेत मागे कुठेतरी होते. तेव्हा करण्यासारखं काही नव्हतंच. ऑफिसात सगळे मोबाइलवर त्या वाळू उपसणाऱ्या बिचाऱ्या एकट्या पोकलेनचे फोटो बघत होतो. २९ तारखेला जहाज सुटलं आणि आम्ही विसरलो. २०२३ च्या नोव्हेंबरात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा आम्हाला वाटलं, हेही आठवडाभराचं असेल. साहेब आता निवृत्त आहेत, पण फोन करून म्हणाले, "सुएझ याआधी आठ वर्षं बंद होती. जून सदुसष्ट ते जून पंच्याहत्तर." डिसेंबरच्या मध्यापर्यंत मोठ्या लाइन एकामागून एक केपकडे वळल्या.

त्याच डिसेंबरात कांद्याचंही झालं. सात डिसेंबरला कांदा निर्यातबंदीची अधिसूचना निघाली, आठपासून लागू. सूट कुणाला? ज्याचं जहाजावर लोडिंग सुरू झालंय त्याला, किंवा शिपिंग बिल भरलंय आणि जहाज बंदरात आलंय त्याला, किंवा ज्याचा माल अधिसूचनेआधी कस्टम्सच्या ताब्यात जाऊन त्यांच्या सिस्टीममध्ये नोंदला गेलाय त्याला. आमच्या एका कांदावाल्याचे चार कंटेनर लासलगावहून एकाच दिवशी, एकाच शेडमधून निघाले होते. दोन संध्याकाळी नोंदले गेले. दोन करळ फाट्याच्या रांगेत होते, त्यातल्या एकाचा टायर फुटला होता. दोन गेले, दोन 'बॅक टू टाउन', म्हणजे आल्या पावली परत. तोच कांदा, तीच गोणी. त्या माणसाने मला विचारलं की दुसऱ्या दिवशी नोंद आदल्या तारखेची करता येत नाही का. मी नाही म्हटलं. पुढे सहा महिने तो आमच्याकडे आला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

तर जानेवारी २०२४, आणि दादांचा प्रश्न.

दादांचा हंगामातला पहिला कंटेनर भरून, सील लागून, दहा तारखेला बंदरात प्लगवर उभा होता. ज्या जहाजाचं बुकिंग होतं त्याने न्हावा-शेवाच वगळलं. केपवरून फिरून येणारी जहाजं वेळापत्रकाच्या मागे पडत होती, मग लाइनवाले मधलं एखादं बंदर गाळून दिवस भरून काढत. त्याच लाइनचं पुढचं थेट जहाज वीस तारखेला, केपवरून. एरवी बावीस-पंचवीस दिवसांत पोचणारा माल पस्तीस-चाळीस दिवस घेणार. दुसरी एक लाइन अजून सुएझमधून जायची हिंमत करत होती, तिचं जहाज सव्वीसला. सहा दिवस उशिरा निघून आठवडाभर आधी पोचणार. दादांचा जीव तिकडे ओढत होता. तेरा टन द्राक्षं त्यांची होती, ओढणारच.

मी फाइल उघडली. खालून वर.

फायटोची तारीख दहा जानेवारी. युरोपचा दंडक असा, की फायटो निघाल्यापासून चौदा दिवसांच्या आत माल देशाबाहेर पडला पाहिजे. म्हणजे चोवीस. सव्वीसच्या जहाजाला हा फायटो मेलेला. नवा काढायचा तर माल पुन्हा तपासणीला दाखवायचा, आणि माल बंद डब्यात.

डबा तरी कुणाचा? कंटेनर लाइनच्या मालकीचा असतो, हे बागाईतदाराला तर सोडाच, कधी कधी निर्यातदारालाही सांगावं लागतं. दुसऱ्या लाइनचं जहाज हवं तर दुसऱ्या लाइनचा डबा. म्हणजे हा बंदरातून परत बाहेर काढायचा, कुठल्यातरी कोल्ड स्टोरेजच्या दारात उघडून पॅलेट दुसऱ्या डब्यात घालायचे. जानेवारीच्या दुपारीसुद्धा उरणची हवा तिशीच्या आसपास. उणे अर्ध्या अंशावर गारठलेल्या घडावर दमट हवा लागली की पाणी सुटतं, आणि ते पाणी पुढे महिनाभर त्या पनेटमध्ये राहतं. कंटेनर नंबर बदलला की शिपिंग बिलात दुरुस्ती, वजनाचा व्हीजीएम नवा, फॉर्म तेरा नवा, सील नवं, अ‍ॅगमार्क आणि फायटोवरही नवा नंबर. प्रत्येक कागदाच्या मागे एक खिडकी, प्रत्येक खिडकीमागे एक दिवस.

तिसरा एक रस्ता दादांच्या पुतण्याने सुचवला. युरोप सोडा, दुबईला टाका. जेबेल अली इथून चार-पाच दिवस. १ मे २०२२ पासून यूएईशी करार आहे, त्याचा ओरिजिनचा दाखला काढता येतो. हुशार मुलगा आहे. पण पनेटवर लेबलं नेदरलँड्समधल्या सुपरमार्केटची लागली होती, त्यांच्या भाषेत, त्यांच्या बारकोडसकट. ते दुबईत कोण घेणार? आणि घेतलीच तर भाव आखाती बाजाराचा, जिथे युरोपसाठी केलेल्या तपासणीचा खर्च कुणी धरत नाही. रस्ता बदलायचा म्हणजे इथे गिऱ्हाईकच बदलायचं होतं, आणि ते बागेत फळ हिरवं असतानाच ठरवायला लागतं.

एक गोष्ट मात्र मला फाइल वाचताना सुचली आणि तिचा मला अजून अभिमान वाटतो. सौदा सीएनएफ होता, म्हणजे भाडं आपलं आणि विमा गिऱ्हाइकाचा. पण विक्री कन्साइनमेंटवर. तिकडे माल विकला जाईल त्या भावाने पैसे. कागद म्हणत होता की जहाजावर चढल्यापासून जोखीम गिऱ्हाइकाची. हिशेब म्हणत होता की विकला जाईपर्यंत बुडाले तर दादांचेच पैसे बुडणार. मग गिऱ्हाईक विमा काढेलच कशाला? विचारलं, तर काढला नव्हता. आम्ही इथून काढला. केपच्या रस्त्याला युद्धाच्या जोखमीचा जादा हप्ता बसला नाही, हाही केपच्या बाजूने एक मुद्दा. भाडं मात्र डिसेंबरच्या दुपटीच्या वर गेलं होतं आणि ते सगळं दादांच्या बागाईतदारांच्या गटाच्या अंगावर आलं.

रात्री साडेनऊला फोन केला. "दादा, केप."

"सुएझ नाहीच?"

"सुएझला आपला फायटो पोचत नाही."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "जाऊ द्या मग."

त्या कंटेनरचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. एकोणचाळिसाव्या दिवशी पोचला. तापमानाचा लॉगर स्वच्छ होता, सगळा प्रवास उणे अर्ध्याच्या रेषेवर. तरी काही पॅलेटवर देठ तपकिरी होते, भाव कापला गेला, आणि दादांच्या गटाला त्या डब्यात खर्च निघण्यापलीकडे फारसं काही उरलं नाही. विम्यातून काही मिळालं नाही, कारण उशीर हे नुकसान विमा धरत नाही. ते पॉलिसीत लिहिलेलं असतं आणि मी दादांना आधीच वाचून दाखवलं होतं. पुढचे सात कंटेनर मी जहाज बंदराला लागल्याची खात्री झाल्यावरच भरून घेतले, फायटोही त्याच हिशेबाने. ते बरे गेले.

पण मला आठवतो तो फेब्रुवारीतला एक फोन. जहाज निघाल्यापासून दादा रोज संध्याकाळी विचारायचे, आणि मी जहाजाचा ठिपका स्क्रीनवर बघून सांगायचे. मॉरिशसच्या वर. मादागास्करच्या खाली. त्या दिवशी ठिपका अगदी टोकाला वळसा घालत होता.

"आज केपटाउनपाशी आहे, दादा."

"तिथं बी द्राक्षं पिकत्यात ना?"

"पिकतात. त्यांचाही हंगाम हाच. त्याच बंदरातून युरोपला जातात."

"म्हंजे आपला माल त्यांच्या दारावरनं चाललाय."

"हो."

"इथून पुढं किती दिवस?"

"पंधरा-सोळा."

"आणि त्यांना?"

"तेवढेच."

दादा जरा थांबले. "मग बरोबरीत आलो की," म्हणाले, आणि फोन ठेवला.